दुसऱ्यांच्या शेतासाठी मागितलेला पाऊस

(संत जोसेफ वाझ यांच्या सणानिमित्त, १६ जानेवारी)



जानेवारी महिना आला की आपल्या चर्चमधले बाक निम्मे रिकामे दिसतात. दिवाळी उरकली की कोयते बांधून, भांडीकुंडी आणि लेकरेबाळे ट्रॅक्टरमध्ये भरून आपली कितीतरी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. नाताळची मिस्सा त्यांना तिकडेच चुकते. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे, शाळेतली मुले, नोकरदार, आणि आम्ही.

अशा या शांत दिवसांत एका धर्मगुरूंचा सण येतो. ज्यांच्याकडे कुणी धर्मगुरू नव्हता अशा माणसांसाठी त्यांनी आपले सारे आयुष्य घातले. संत जोसेफ वाझ हे त्यांचे नाव. गोव्यात त्यांना जुझे वाझ म्हणतात. आपल्याकडे त्यांच्या नावाचा सण फारसा गाजत नाही. तरीही यंदा आम्ही त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहोत, त्याला एक कारण आहे.

चर्चच्या ऑफिसात मिस्साच्या हेतूंची वही असते. वर्षाच्या शेवटी आम्ही ती चाळत होतो. मुलाला नोकरी लागावी, मुलीचे लग्न ठरावे, बोअरला पाणी लागावे, ऑपरेशन नीट व्हावे, वारलेल्या वडिलांच्या आत्म्याला शांती मिळावी. हे सगळे हेतू खरे आहेत. त्यांच्यामागे रात्ररात्र जागलेली माणसे आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. प्रभू येशूने स्वतः आपल्याला रोजची भाकर मागायला शिकवले, त्यामुळे मागण्यात पाप नाही. पण पानांमागून पाने उलटताना एक गोष्ट मनाला लागली. जवळपास प्रत्येक हेतू ज्याच्या त्याच्या उंबऱ्याच्या आतला होता. शेजाऱ्याच्या बोअरसाठी कुणी मिस्सा सांगितलेली आम्हाला आढळली नाही.

यात आम्ही स्वतःला वगळत नाही. धर्मगुरूच्या प्रार्थनेतही असेच असते. प्रवचन चांगले व्हावे, चर्चच्या पत्र्याचे काम निघावे, महागुरुस्वामींच्या भेटीत काही उणे राहू नये. देवाचे नाव घेऊन माणूस स्वतःपुरते किती मागत असतो, हे आम्हाला आमच्याच प्रार्थनेवरून कळते. म्हणून फादर जोसेफ वाझ यांचे चरित्र आम्ही या वेळी एकच प्रश्न मनात धरून वाचले. हा माणूस देवाकडे कुणासाठी मागत होता?

बाणावली ते जुने गोवे

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली या गावी, आजोळी झाला. वडिलांचे नाव क्रिस्टोव्हाव वाझ आणि आईचे मारिया दे मिरांडा. वडिलांचे घर सांकवाळ गावी होते. सहा भावंडांत हे तिसरे. बाणावलीच्या संत जॉन बाप्टिस्ट यांच्या चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. सांकवाळला पोर्तुगीज आणि बाणावलीला लॅटिन शिकून ते पुढील शिक्षणासाठी गोव्याच्या राजधानीत गेले. तेथे जेझुइटांच्या संत पॉल कॉलेजात आणि डोमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्वायनस यांच्या नावाच्या कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले.

१६७६ साली ते धर्मगुरू झाले. घर चांगले, शिक्षण चांगले, प्रवचनकार आणि पापनिवेदन ऐकणारे म्हणूनही लवकरच नाव झाले. मान मिळवायला आणखी काय लागते? पण दीक्षेनंतर लगेच त्यांनी पायातले काढून ठेवले आणि गरिबांसारखे अनवाणी चालू लागले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली.

पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी एका कागदावर सही केली. त्या कागदाने त्यांनी स्वतःला पवित्र मरियामातेचा कायमचा गुलाम म्हणून लिहून दिले. त्या काळी गोव्याच्या बाजारात खरीखुरी माणसे विकली जात होती. गुलाम म्हणजे काय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. गुलामाचे स्वतःचे काही नसते. त्याचा वेळ, त्याची ताकद, त्याच्या घामाचे मोल, सगळे मालकाचे. उचल घेऊन सहा महिने बांधले जाणे म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या कागदाचा अर्थ जास्त समजेल. फरक एवढाच की या तरुण धर्मगुरूने उचल काही घेतली नव्हती. त्याने स्वतःला फुकट दिले होते. जो माणूस स्वतःचाच राहिला नाही, तो प्रार्थनेला गुडघे टेकतो तेव्हा स्वतःसाठी मागायला त्याच्याजवळ फारसे काही उरत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्ली आम्हाला या कागदात दिसते.

याच सुमारास सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, हकीकत त्यांच्या कानावर आली. तिथल्या किनारपट्टीवर आधी पोर्तुगीज सत्ता होती. डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना जिंकले. डच हे प्रॉटेस्टंट होते आणि पोर्तुगिजांचे वैरी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, चर्च ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यासाठीही कडक शिक्षा ठेवली. तेव्हापासून हजारो कॅथलिक माणसे मिस्सेशिवाय, पापनिवेदनाशिवाय, मरताना तेलाभ्यंगाशिवाय जगत होती.

ते लोक जोसेफ वाझ यांचे कुणी नव्हते. त्यांची भाषा वेगळी, राज्य वेगळे, मध्ये समुद्र. त्यांची हाक ऐकायला ते बांधील नव्हते. पण एकदा ऐकल्यावर ते लोक त्यांच्या प्रार्थनेत आले, आणि तिथून मग निघाले नाहीत.

लगेच जाता आले नाही. वरिष्ठांनी त्यांना १६८१ साली कॅनरा प्रांतात, म्हणजे मंगळूर, बार्कूर, गंगोळीच्या पट्ट्यात पाठवले. तिथे धर्माधिकाराच्या हद्दीवरून ख्रिस्तसभेतच दोन गट पडले होते. ज्या वादात स्वतःच्या बाजूचा झेंडा मिरवून नाव कमावता आले असते, तिथे त्यांनी समेटाची वाट धरली आणि विखुरलेल्या माणसांना एकत्र केले. १६८४ साली ते परतले. १६८५ साली जुन्या गोव्यातील डोंगरावरच्या पवित्र क्रुसाच्या चर्चमध्ये काही गोवेकर धर्मगुरू एकत्र राहू लागले होते, त्यांना ते मिळाले आणि त्यांचे प्रमुख झाले. रोममध्ये संत फिलिप नेरी यांनी सुरू केलेल्या ओरेटरीच्या नियमांवर ही मंडळी जगू लागली. भारतीय धर्मगुरूंचा हा त्या काळातला पहिलाच असा संघ होता. तिथे ते आयुष्यभर सुखाने राहू शकले असते.

हमालाच्या वेषात

पण ते निघाले. सोबत जॉन नावाचा एक सेवक. धर्मगुरूचा झगा घालून डचांच्या मुलखात शिरणे शक्य नव्हते, म्हणून अंगावर हमालाचे फाटके कपडे. तमिळ किनाऱ्यावरच्या तुतिकोरिनहून बोटीने ते १६८७ साली सिलोनला पोहोचले आणि जाफन्याकडे गेले. पोहोचले ते आजारी होऊनच. हगवणीने ते मरणाच्या दाराशी जाऊन आले.

बरे झाल्यावर प्रश्न उभा राहिला की कॅथलिक माणसे ओळखायची कशी? भीतीने कुणी तोंड उघडत नव्हते. त्यांनी गळ्यात मोठी जपमाळ अडकवली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. जपमाळ पाहून कुणाचे डोळे थबकतात, कुणाचा चेहरा बदलतो, हे ते पाहत. अखेर एक घर सापडले. मग दुसरे. रात्री दारे लावून मिस्सा होऊ लागल्या. पुढे सिल्लालै नावाच्या गावी राहून ते आसपासच्या लोकांची सेवा करत राहिले.

डचांना सुगावा लागला. धरपकड झाली, छळ झाला. ज्यांनी त्यांना लपवले, त्या माणसांनी शिक्षा भोगली. त्यांच्या सुटकेसाठी फादर वाझ यांनी किती रात्री गुडघ्यांवर काढल्या असतील याचा अंदाज आपण करू शकतो. ती सुटका त्यांच्या डोळ्यांदेखत झाली नाही. ते वारल्यानंतरही आणखी ८५ वर्षे, म्हणजे १७९६ सालापर्यंत, डच तिथे होते. हे आपण ध्यानात ठेवू या, कारण पुढे आपण मिळालेल्या पावसाची गोष्ट सांगणार आहोत, आणि न मिळालेल्या गोष्टींची आठवण नसेल तर ती गोष्ट खोटी होईल.

कँडीची कैद

जाफना सोडून ते १६९० साली पुत्तलमला आले. हा भाग कँडीच्या राजाच्या ताब्यात होता. कँडी हे बेटाच्या मध्यभागी, डोंगरातले बौद्ध राज्य. तिथला राजा विमलधर्मसूर्य दुसरा. १६९२ साली फादर वाझ राजधानीकडे निघाले. पण ते पोहोचण्याआधीच प्रॉटेस्टंट गोटातून राजाचे कान भरले गेले होते. हा पोर्तुगिजांचा हेर आहे, असा संशय घेऊन त्यांना दोन सोबत्यांसह कैदेत टाकण्यात आले.

कैदेत त्यांनी काय केले? सिंहली भाषा शिकले. पळून जाण्याचा प्रयत्न करत नाहीत असे दिसल्यावर पहारा थोडा सैल झाला, तेव्हा त्यांनी झोपडीसारखे एक छोटे प्रार्थनाघर उभारले. नंतर पवित्र मरियेच्या नावाने चर्च बांधले. बाकीचे कैदी तिथे येऊ लागले. आपल्यावर झालेल्या अन्यायाची दाद मागण्यात त्यांनी ती वर्षे घालवली नाहीत. ज्या लोकांनी कोंडले त्यांचीच भाषा ते बसून शिकत होते.

पाऊस

१६९६ साली कँडीच्या राज्यात मोठा दुष्काळ पडला.

इथे बीडच्या माणसाला काही समजावून सांगावे लागत नाही. १९७२ आपल्यातल्या म्हाताऱ्यांना आठवते. २०१२-१३ आणि २०१५-१६ तर पोरांनाही आठवते. टँकरमागे धावणाऱ्या कळशा, छावणीत बांधलेली जनावरे, पेरून करपलेले शिवार, आभाळाकडे बघून दुखणारी मान. ३३० वर्षांपूर्वी कँडीच्या डोंगरात माणसे अशीच आभाळाकडे बघत होती.

राजाने बौद्ध भिक्खूंना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले. त्यांनी केली, पाऊस आला नाही. मग राजाने या परक्या, संशयित धर्मगुरूला बोलावले. फादर वाझ यांनी भर चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला आणि प्रार्थनेला बसले. परंपरेने चालत आलेली हकीकत अशी की धो धो पाऊस कोसळला, सगळीकडे पाणी झाले, आणि वेदी व फादर वाझ जिथे होते तेवढीच जागा कोरडी राहिली.

ही गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष त्या कोरड्या जागेकडे जाते. चमत्कार तिथे दिसतो ना! पण त्या चौकात गुडघे टेकलेल्या माणसाचे लक्ष कुठे असेल? त्याला शेत नव्हते, बैल नव्हते, विहीर नव्हती. त्या राज्यात तो कैदी म्हणून आला होता. पाऊस पडला तर भिजणार होती ती बौद्ध शेतकऱ्यांची भातशेती. भरणार होते ते त्याला कोंडणाऱ्या राजाचे तलाव. स्वतःच्या वाट्याला ज्यातले थेंबभरही येणार नव्हते, ते तो देवाकडे मागत होता. कोरड्या राहिलेल्या त्या जागेचा आम्हाला तरी हाच अर्थ वाटतो.

भिक्खूंची प्रार्थना फळली नाही म्हणून त्यांना हसण्याचेही कारण नाही. तेही आपल्या लोकांसाठीच मागत होते. आपल्या वस्तीला लागून बौद्ध बांधवांची घरे आहेत, दुष्काळात आपण एकाच टँकरवर पाणी भरले आहे. ही गोष्ट त्यांच्यावर मात केल्याची म्हणून सांगितली, तर फादर वाझ यांची प्रार्थनाच आपण त्यांच्या हातून काढून घेतली असे होईल.

पण हेतू शुद्ध होता कशावरून?

आता कुणी म्हणेल की फादर, त्यांचा फायदा झालाच की! पाऊस पडल्यावर राजाने त्यांना राज्यात हिंडायची आणि धर्म शिकवायची मोकळीक दिली. मग ही प्रार्थना निःस्वार्थ कशी?

प्रश्न रास्त आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्हालाही छळत असे. देणाऱ्याला देण्याचे समाधान मिळतेच, मग निःस्वार्थ असे जगात काही असते का? वर्गात यावर तासन्‌तास वाद चालत. उत्तर आम्हाला पुढे एका घराच्या चुलीपाशी मिळाले. माय भाकरी थापत होती, लेकरू जेवत होते. लेकरू जेवले की मायला समाधान वाटते, हे खरे. पण समाधान मिळावे म्हणून ती भाकरी थापत नाही. लेकरू उपाशी आहे म्हणून थापते. समाधान मागून येते, आपोआप. मागून काय आले यावरून हेतू ठरत नाही. डोळ्यांसमोर कोण होते, यावरून ठरतो.

फादर वाझ यांच्या डोळ्यांसमोर कोण होते हे त्यांच्या मनात शिरून पाहता येत नाही. पण एक कसोटी आहे. मागितलेले मिळाल्यावर माणूस काय करतो? काम झाले की पाठ फिरवणारा स्वतःसाठी मागत होता. मिळाल्यावरही जो त्याच लोकांत राहतो, तो लोकांसाठी मागत होता. या कसोटीला त्यांचे पुढचे आयुष्य लावून पाहू.

देवीची साथ

मोकळीक मिळाल्यावर ते आधी परत डचांच्या मुलखात, धोक्याच्या जागी गेले, कारण तिथली माणसे मिस्सेवाचून होती. १६९७ साली गोव्याच्या ओरेटरीतून मदतीला धर्मगुरू आले. कोचीनच्या महागुरुस्वामींनी त्यांना सिलोनचे व्हिकर जनरल नेमल्याची बातमीही त्यांच्यासोबतच आली. आता घडी बसवायची, धर्मग्राम आखायचे, कामे वाटून द्यायची, असे दिवस होते. तेवढ्यात कँडीत देवीच्या रोगाची साथ आली.

देवीची साथ म्हणजे त्या काळी काय होते, हे आपल्या पणजोबांच्या पिढीला माहीत होते. घरात एकाला फोड आले की बाकीचे घर सोडून पळत. रोग्याला रानात नेऊन टाकत. कँडीतही लोक पळाले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो थांबले. टाकून दिलेल्या माणसांना त्यांनी शोधले, निवारा दिला, खाऊ घातले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. हा कॅथलिक, हा बौद्ध, असा भेद रोग करत नव्हता आणि तेही करत नव्हते. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, सख्ख्या माणसाच्या प्रेताजवळ जायलाही पाय कसे मागे सरत होते हे आपण अनुभवले आहे. त्या आठवणीने या कामाचे मोल करावे.

आमची कसोटी इथे पुरी होते. ज्या लोकांच्या शेतासाठी त्यांनी पाऊस मागितला, त्याच लोकांच्या फोडांवरचा पू त्यांनी पुसला. पावसाची प्रार्थना राजाची मर्जी संपादण्याचा डाव असता, तर मर्जी मिळाल्यावर देवीच्या रोग्यांत उतरण्याची गरज नव्हती. चौकात जे मागितले, त्याचा बाकी राहिलेला भाग त्यांनी रानातल्या झोपड्यांत हातांनी पुरा केला.

पद नको, परतणेही नको

पुढे त्यांना बिशप करावे अशी सूचना आली. ती त्यांनी नाकारली. साधा धर्मगुरू म्हणूनच ते जंगलातून, डोंगरातून, या वस्तीतून त्या वस्तीत चालत राहिले. १७०५ साली गोव्याहून आलेले फादर जाकोम गोन्साल्विस यांच्यासारख्या विद्वान सहकाऱ्याने सिंहली आणि तमिळ भाषांत ग्रंथ लिहून लोकांना प्रार्थना आणि शिकवण त्यांच्याच भाषेत दिली. फादर वाझ यांनी चालून वाट पाडली होती, त्या वाटेवर आता इतरांचे पाय पडत होते.

गोव्याला ते परत कधी आले नाहीत. चालून चालून शरीर झिजले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला. वय ५९. सिलोनमध्ये पाऊल ठेवल्याला सुमारे २४ वर्षे झाली होती. ज्या बेटावर ते आले तेव्हा एकही धर्मगुरू नव्हता, तिथे आता धर्मगुरू होते, चर्च होती, आणि एकमेकांना ओळखायला न घाबरणारी माणसे होती.

परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोतच समुद्राकाठच्या मैदानावर त्यांना संतपद दिले. संतपदासाठी सहसा आणखी एका चमत्काराची नोंद लागते. फादर वाझ यांच्या बाबतीत ती अट बाजूला ठेवण्यात आली. त्यांचे जगणेच पुरेसे बोलके होते.

आपल्या प्रार्थनेचा उंबरा

ज्या संत थॉमस यांच्या नावाच्या कॉलेजात फादर वाझ शिकले, त्या संत थॉमस यांनी प्रभूच्या प्रार्थनेविषयी एक मोलाची गोष्ट दाखवून दिली आहे. ती प्रार्थना काय मागावे हे सांगते, आणि कोणत्या क्रमाने मागावे हेही सांगते. आधी देवाचे नाव, देवाचे राज्य, देवाची इच्छा. मग भाकर. आणि त्या प्रार्थनेत माझा, मला, माझी असा शब्द एकदाही येत नाही, हे आपण लहानपणापासून म्हणत आलो तरी क्वचितच ध्यानात घेतो. बाप आमचा आहे, भाकर आमची आहे, अपराध आमचे आहेत. एकट्याने बंद खोलीत म्हटली तरी ती प्रार्थना सगळ्यांना घेऊनच देवासमोर उभी राहते.

म्हणून स्वतःसाठी मागणे सोडा, असे आम्ही सांगत नाही. ज्याची विहीर आटली त्याने पाणी मागू नये, हे सांगणारा धर्मगुरू निर्दयी म्हणावा लागेल. आम्ही एवढेच म्हणतो की आपल्या विहिरीशी थांबू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. मिरजेच्या माणसांनी लातूर पाहिलेही नसेल, तरी त्यांच्याकडचे पाणी रुळावरून इकडे आले. आपल्या प्रार्थनेने एवढा प्रवास करायला काय हरकत आहे?

आणि प्रार्थना फळली नाही तर? दुष्काळाच्या वर्षांत आपणही पावसासाठी मिस्सा केल्या आणि आभाळ कोरडेच राहिले. फादर वाझ यांनाही कँडीत पाऊस मिळाला आणि जाफन्यात सुटका मिळाली नाही. प्रभू येशूनेही गेथशेमानीच्या बागेत प्याला टळावा म्हणून विनवले, आणि प्याला टळला नाही. देवाने काय द्यावे हे आपल्या हाती नाही. आपण कुणासाठी हात पसरावेत, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

या आठवड्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या माणसांसाठी रोज संध्याकाळी घराघरांत जपमाळेचा एक दशक म्हणावा. पण तो फक्त आपल्या धर्मग्रामातल्या माणसांसाठी नको. त्यांच्या टोळीत जे जे आहेत, कुठल्याही जातीचे, कुठल्याही धर्माचे, त्या सगळ्यांसाठी म्हणावा. पहाटेच्या थंडीत फडात उतरणारी बाई कुणाचीही असो, तिला थंडी तेवढीच वाजते.

दुसरी. बांधावरून, वाटणीवरून ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याचे नाव घेऊन त्याच्या भल्यासाठी एकदा तरी मागावे. १८ जानेवारीपासून ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह सुरू होतो. फादर वाझ यांना छळणारेही ख्रिस्तीच होते, हे विसरून चालणार नाही. गावातल्या इतर ख्रिस्ती मंडळींसाठी या आठवड्यात मोकळ्या मनाने प्रार्थना करू या.

तिसरी. ज्याच्यासाठी मागाल, त्याच्या घरी एकदा जाऊन या. जो आजारी आहे त्याच्यासाठी मिस्सा सांगितली असेल तर जाताना दोन भाकरी आणि कालवण घेऊन जा. म्हातारा-म्हातारी एकटी मागे राहिली असतील तर त्यांच्या औषधाची चौकशी करा. दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला पाय फुटतात, ही खूण फादर वाझ यांनी आपल्याला दाखवली आहे.

ऑफिसातल्या हेतूंच्या वहीत आम्ही या रविवारपासून एक नवा रकाना आखला आहे. पहिल्या रकान्यात नेहमीप्रमाणे आपला हेतू लिहावा. दुसऱ्यात आपल्या घरचे नसलेल्या एका माणसाचे नाव लिहावे. त्यासाठी वेगळी देणगी नाही. तो रकाना पहिल्यांदा आम्ही स्वतःच भरला. नाव लिहायला पाच मिनिटे लागली, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. तुम्हाला तेवढी लागू नयेत.

प्रार्थना

हे प्रभो, तुझा सेवक जोसेफ वाझ याने परक्या मुलखात, परक्यांच्या शेतासाठी तुझ्याकडे पाऊस मागितला आणि परक्यांच्या जखमा आपल्या हातांनी धुतल्या. आमची प्रार्थना आमच्या उंबऱ्यात अडखळते. तिला बाहेरची वाट दाखव. फडात राबणाऱ्या आमच्या भावाबहिणींना सुखरूप घरी आण. आम्हाला जे देशील ते वाटून घ्यायला शिकव, आणि जे देणार नाहीस त्यातही तुझा हात सोडू देऊ नकोस. आमेन.

संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती करा.

तुमचे धर्मगुरू